पूररेषा ठरल्याशिवाय फर्निचर नको: बडोद्यातील एका टेनामेंटचे प्रकरण

घर बडोद्याच्या समा-कारेलीबाग पट्ट्यातले, 1980 च्या दशकात बांधलेले दुमजली टेनामेंट, म्हणजे सोसायटीतले स्वतंत्र घर. खाली 16 बाय 12 चा हॉल, 15 बाय 10 चे स्वयंपाकघर आणि जेवणघर एकत्र, मागे आजींची 11 बाय 10 ची खोली, न्हाणीघर-संडास. वर दोन खोल्या, एक न्हाणीघर आणि मागची बाल्कनी. राहणारी माणसे पाच: आजी, मुलगा, सून, कॉलेजात जाणारी नात आणि शाळकरी नातू.

2024 च्या ऑगस्ट अखेरीस शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीने 35 फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी 26 फूट. या घराच्या खालच्या मजल्यावर 31 इंच पाणी चढले आणि दोन दिवस उभे राहिले. त्याआधी 31 जुलै 2019 रोजी, एका दिवसात जवळपास 500 मिलिमीटर पाऊस झाला तेव्हाही पाणी घरात आले होते, पण ते 9 इंचांवर थांबले होते. तेव्हा घरच्यांनी ती घटना एकदाच घडणारी मानली आणि पुढच्याच वर्षी खाली एमडीएफचे, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाचे, मॉड्युलर किचन, हॉलच्या दोन भिंतींना जमिनीपासून पॅनेलिंग आणि आजींसाठी बॉक्सचा पलंग करून घेतला. 2024 मध्ये या तिन्हींपैकी काहीही वाचले नाही. वाचले ते लोखंडी कपाट आणि जुने सागवानी टेबल.

पाणी ओसरल्यावर आठ दिवसांनी गणपती बसणार होते. ते त्या वर्षी वरच्या खोलीत बसले. घरच्यांची इच्छा एकच होती: दिवाळीपर्यंत घर पहिल्यासारखे व्हावे. तीन ठिकाणांहून अंदाजपत्रके आली: 7 लाख, 11 लाख आणि 16 लाख. तिन्हींसोबत संगणकावर काढलेली सुंदर चित्रे होती. एकाही कागदावर पाणी कुठवर आले होते याचा आकडा नव्हता.

नियोजनाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी होती. ज्या घरात पाच वर्षांत दोनदा पाणी आले, तिथे ते पुन्हा येईल असे गृहीत धरूनच प्रत्येक खिळा ठोकावा लागतो. शिवाय अशा सोसायट्यांत दर डांबरीकरणाबरोबर रस्ता थोडा थोडा उंच होत जातो. या घराचे जोते मुळात रस्त्यापासून अडीच फूट उंच होते, आता ते दीड फुटावर आले आहे. म्हणजे तेवढाच पाऊस पडला तरी पाणी पूर्वीपेक्षा आत येणार.

दिवाळी का सोडली

पहिला निर्णय तारखेचा झाला, आणि तो घरच्यांना सर्वांत जड गेला. नऊ इंची विटेची भिंत दोन दिवस पाण्यात उभी राहिली की ओल विटेच्या गाभ्यापर्यंत जाते आणि पाण्याच्या रेषेच्या वरही फूटभर चढते. वरून गिलावा महिनाभरात कोरडा दिसू लागतो, आतली वीट ओलीच असते. त्यावर पुट्टी आणि रंग चढवला की पहिल्या उन्हाळ्यात लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी पूड, फुटतो, रंगाचे पापुद्रे सुटतात आणि पेंटरशी भांडण होते. दोष पेंटरचा नसतो.

म्हणून सप्टेंबरच्या मध्यात खालच्या मजल्याचा गिलावा जमिनीपासून 4 फुटांपर्यंत काढून टाकला. पाणी 31 इंचांवर होते, त्यावर 12 इंच ओल चढलेली, म्हणून 4 फूट. विटा उघड्या करून, ब्रशने गाळ काढून, खिडक्या आणि पंखे चालू ठेवून घर तसेच सोडले. कुटुंब वरच्या मजल्यावर राहिले. खाली फक्त गॅसची शेगडी आणि घडीचे टेबल होते.

भिंत सुकली की नाही हे पाहायला यंत्र लागत नाही. एक फूट बाय एक फूट पॉलिथिनचा तुकडा चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवायचा आणि 24 तासांनी आतल्या बाजूला बाष्प धरले आहे का ते पाहायचे. प्रत्येक भिंतीवर दोन जागी, एक फुटावर आणि तीन फुटांवर, ही चाचणी दर महिन्याला घेतली. ऑक्टोबरमध्ये सगळीकडे थेंब होते. डिसेंबरच्या मध्यात एक भिंत सोडून बाकी सगळ्या कोरड्या निघाल्या. ती एक भिंत न्हाणीघराच्या पाठीची. इतर भिंती सुकतात आणि एकच सुकत नाही, याचा अर्थ पाणी पुराचे नाही, घरातलेच आहे. खोदून पाहिल्यावर जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपच्या जोडातून गळती निघाली. ती तशीच राहून वर फरशी बसली असती, तर नव्या न्हाणीघरावरचा सगळा खर्च वाया गेला असता.

थांबण्याचे दुसरे कारण इथल्या कामगारांचे वेळापत्रक. श्राद्धपक्षात लोक नवे काम सुरू करू देत नाहीत. दिवाळीनंतर हार्डवेअर आणि प्लायवुडची दुकाने लाभपाचमीला, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीला, उघडतात. राजस्थानकडचे सुतार दिवाळीला गेले की आठ-पंधरा दिवस दिसत नाहीत. कमुरत्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत, बरीच घरे मुहूर्त टाळतात. 14 आणि 15 जानेवारीला उत्तरायण आणि वासी उत्तरायण, तेव्हा बडोद्यात कोणी हातात थापी धरत नाही. आणि होळीला दाहोद, पंचमहाल, छोटा उदेपूरकडचे मजूर गावी जातात ते दहा दिवस तरी परतत नाहीत. हे सगळे आधी कॅलेंडरवर लाल केले. उरलेल्या पट्ट्यात 20 जानेवारी ते 20 एप्रिल 2025 हे काम बसले, गृहप्रवेशासाठी 30 एप्रिलची अक्षय्य तृतीया धरली. पावसाळ्याआधी दीड महिना हाताशी राहिला. जानेवारी ते एप्रिल हा बडोद्यातला कोरडा काळ, गिलावा आणि रंग दोन्ही या दिवसांत चांगले सुकतात.

रेषेच्या खाली काय, वर काय

पाण्याची खूण 31 इंचांवर होती. त्यावर 5 इंच भर धरून 36 इंच ही नियोजनाची रेषा ठरली आणि निळ्या खडूने खालच्या मजल्याच्या सगळ्या भिंतींवर मारली. लेव्हल ट्यूबने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने, फरशीपासून मोजून नव्हे, कारण जुनी मोझेक फरशी एका कोपऱ्यात पाऊण इंच खचलेली होती.

मग नियम साधा झाला. रेषेखाली जे पक्के बसणार ते दगड, टाइल, सिमेंट, स्टेनलेस स्टील किंवा अ‍ॅल्युमिनियम. रेषेखाली जे लाकडाचे असेल ते सुटे आणि दोन माणसांनी जिन्यावरून वर नेता येईल असे. जिना 33 इंच रुंद आहे आणि मधल्या पायरीवर वळतो, म्हणून सोफा तीन सुट्या खुर्च्यांचा घेतला, एकसंध नाही. प्लायवुड आणि लॅमिनेट फक्त रेषेच्या वर.

इथे वॉटरप्रूफ प्लायचा मुद्दा येतोच. आयएस 710 या भारतीय मानकाचे मरीन प्लाय उकळत्या पाण्याच्या चाचणीला टिकते, हे खरे. पण ते टिकते म्हणजे त्याचे थर सुटत नाहीत. कपाटाच्या मागे अडकलेला गाळ, गंजलेल्या बिजागऱ्या, कडेच्या पट्टीच्या आत शिरलेले घाण पाणी आणि आठवडाभरात धरलेली बुरशी यांवर प्लायचा दर्जा काही करू शकत नाही. डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिकचा) बोर्ड पाण्यात फुगत नाही, पण त्यात स्क्रूची पकड कमी असते आणि तीन फुटांपेक्षा लांब फळी वजनाने वाकते. म्हणून डब्ल्यूपीसी फक्त न्हाणीघराच्या दाराच्या चौकटीला वापरले.

खालच्या भिंतींना 4 फुटांपर्यंत सिमेंट-वाळूचा 1:4 गिलावा केला. जिप्समचा गिलावा झटपट होतो आणि गुळगुळीत दिसतो, पण पाण्यात मऊ पडतो. या मजल्यावर तो कुठेही नाही. पॅनेलिंग नाही, वॉलपेपर नाही. सूनबाईंना हॉलची एक भिंत वेगळी हवी होती, ती रेषेच्या वर, 4 फूट ते 8 फूट एवढ्या पट्ट्यात सागवानी पट्ट्यांनी केली आणि ती खरोखर चांगली दिसते. चित्रात जे जमिनीपर्यंत होते ते कंबरेच्या वर आणले, एवढाच फरक.

वायरिंग: छतातून खाली

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे, आणि अंदाजपत्रकांत तोच सर्वांत कमी लिहिलेला होता. दोन अंदाजपत्रकांत "इलेक्ट्रिक काम आवश्यकतेनुसार" एवढेच होते.

जुन्या घरात वायरचे पाइप फरशीतून गेलेले असतात. पूर आला की त्यांत पाणी आणि बारीक गाळ शिरतो. पाणी महिन्यांनी सुकते, गाळ ओल धरून ठेवतो आणि वायरच्या जोडांना खातो. मग पाच-सहा महिन्यांनी, कोणालाही पुराची आठवण नसताना, आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा खटका, रोज संध्याकाळी पडू लागतो. इलेक्ट्रिशियन तो आरसीसीबी काढून टाकतो आणि घर संरक्षणाशिवाय उरते. म्हणून खालच्या मजल्यावरची सगळी जुनी वायर काढली आणि नवे 25 मिलिमीटरचे पाइप छताच्या खालून फिरवून प्रत्येक पॉइंटला वरून खाली आणले. खाली जाऊन पुन्हा वर येणारा एकही पाइप नाही. चुकून पाणी शिरलेच तर ते खालच्या बॉक्समधून बाहेर येते, साठत नाही.

डिस्ट्रिब्यूशन बोर्ड हॉलमधून जिन्याच्या वरच्या टोकाला गेला. त्यात खालचा मजला वेगळ्या आयसोलेटरवर (वीज पूर्ण तोडणाऱ्या खटक्यावर) आणि वेगळ्या 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर, वरचा मजला वेगळ्यावर. पाणी दारात आले की खालच्या मजल्याचा एक खटका पाडायचा, वर पंखे, दिवे, फोन चालू राहतात. इन्व्हर्टर आणि बॅटरी वरच्या बाल्कनीलगतच्या कोपऱ्यात. बाहेरचा मीटर साडेतीन फुटांवर होता. तो उंच करायला वीज कंपनीकडे, म्हणजे एमजीव्हीसीएलकडे, अर्ज करावा लागतो. तो अर्ज नोव्हेंबरमध्येच दिला. मंजूर भार बिलावर 3 किलोवॅट होता. दोन एसीचे मिळून 3.2, एक गिझर 2, पंप पाऊण, फ्रिज-मिक्सर-दिवे धरून एका वेळी 6 किलोवॅटच्या आसपास जातात, म्हणून भार वाढवण्याचा अर्जही त्याच वेळी.

वायरचे माप कागदावर लिहून घेतले: दिवे-पंख्यांना 1.5 चौरस मिलिमीटर, 16 अँपिअरच्या प्लगला 2.5, एसी आणि गिझरला 4. स्वयंपाकघराला दोन स्वतंत्र सर्किट, एकावर फ्रिज, दुसऱ्यावर ओट्यावरचे प्लग. खालच्या मजल्यावर एकही प्लग 4 फुटांच्या खाली नाही. टीव्हीमागचाही नाही.

पॉइंट किती आणि कुठे हे ठरवायला इलेक्ट्रिशियनला बोलावण्याआधी उपकरणांची यादी करावी लागते: प्रत्येकाची रुंदी, खोली, उंची, दार कुठल्या बाजूला उघडते, प्लग 6 चा की 16 चा. या घरात फ्रिज 28 इंचांचा. दोन्ही बाजूंना 2-2 इंच हवा म्हणजे 32 इंचांची जागा. यादी करताना लक्षात आले की फ्रिजचे दार उजवीकडे उघडते आणि ठरवलेल्या जागी उजवीकडे भिंत आहे. जमिनीवर चॉकने आखतानाच हे कळले, म्हणून फ्रिज आणि भांड्यांच्या कपाटाची जागा फुकटात बदलता आली.

पाइपांसाठी भिंतीत खाचा पाडताना एक पथ्य. या टेनामेंटच्या नऊ इंची भिंती भार पेलतात. उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको, आडवी एक षष्ठांशापेक्षा नको. साडेचार इंची भिंतीत आडवी खाच म्हणजे जेमतेम पाऊण इंच, त्यात 25 मिलिमीटरचा पाइप बसतच नाही. तिथे आडवा पाइप टाळायचाच. स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत पाडून मोकळे करण्याची कल्पना एका अंदाजपत्रकात होती. ती भिंत नऊ इंची निघाली, स्ट्रक्चरल इंजिनिअरने वर पाहून "नको" म्हटले आणि तो विषय तिथेच संपला.

गिलावा भरण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढले, भिंतीला मोजपट्टी टेकवून. प्रत्येक सर्किटचा 500 व्होल्टच्या मेगरने, म्हणजे वायरचे आवरण तपासणाऱ्या मापकाने, इन्सुलेशनचा आकडा घेतला, गिलाव्याआधी आणि नंतर. 1 मेगाओहमच्या खाली असेल तर ती वायर बदलायची. एका सर्किटवर गिलाव्यानंतर आकडा कोसळला. खिळा वायरमध्ये गेला होता. रंग लागायच्या आधी सापडला.

ड्रेनेज आणि वरच्या मजल्याचा पेच

पुराचे पाणी दारातून येण्याआधी नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे न्हाणीघरातल्या सांडपाण्याच्या जाळीतून, आले होते. घरच्यांनी दाराला वाळूच्या पिशव्या लावल्या होत्या आणि पाणी न्हाणीघरातून हॉलमध्ये आले. उपाय नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. पण तो कुठे बसवायचा यात चूक सोपी आहे. बाहेरच्या शेवटच्या चेंबरमध्ये बसवला आणि वरच्या संडासाची लाइन त्याच्या आधी जोडलेली असेल, तर व्हॉल्व्ह बंद झाल्यावर वरच्या माणसांनी फ्लश केलेले पाणी बाहेर जाऊ शकत नाही, ते खालच्या नहाणीतून वर येते. घर पुराने नाही तर स्वतःच्याच सांडपाण्याने भरते. म्हणून वरची उभी लाइन वेगळी काढून व्हॉल्व्हच्या पुढे जोडली आणि व्हॉल्व्ह फक्त खालच्या मजल्याच्या 110 मिलिमीटरच्या शाखेवर, हात जाईल एवढ्या चेंबरमध्ये. जून सुरू होण्याआधी तो उघडून धुवायचा. झडपेत एक खडा अडकला तरी ती बंद होत नाही.

पाण्याचा पंप अंगणात दोन फुटी ओट्यावर होता, तो जिन्याखाली पाच फुटांवर लोखंडी ब्रॅकेटवर आला. जमिनीतल्या टाकीचे झाकण रबरी गॅस्केटचे केले. न्हाणीघराचे वॉटरप्रूफिंग झाल्यावर 48 तास पाणी भरून ठेवले, मगच टाइल.

ओटा

सूनबाईंची उंची 5 फूट 3 इंच. कोपर दुमडून जमिनीपासून मोजले तर 38 इंच, त्यातून 5 इंच वजा करून ओटा 33 इंचांवर. म्हणजे ओट्याखालची सगळी जागा पूररेषेच्या खाली. तिथे मॉड्युलर किचनचे नेहमीचे डबे बसवले असते तर सगळे पैसे पाण्यात.

त्याऐवजी जुनी पद्धत घेतली: दर 24 इंचांवर उभ्या कोटा दगडाच्या पाट्या, खाली जमिनीपासून 4 इंच उंच दगडी तळ, मागे ओट्यापर्यंत टाइल. प्रत्येक खणात 304 ग्रेडच्या स्टीलच्या सुट्या जाळ्या, हाताने उचलून काढता येतील अशा. चॅनलवर सरकणारे ड्रॉवर फक्त दोन, चमचे आणि मसाल्याचे, तेही ओट्याच्या अगदी खाली. सॉफ्ट-क्लोज चॅनलमध्ये गाळ गेला की तो परत चालत नाही, म्हणून हे दोन बदलावे लागतील हे आधीच मान्य केले. दारे अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत, स्टीलच्या बिजागऱ्यांवर. पूर आल्यास जाळ्या वर, दारे तशीच, नंतर नळीने धुतले की झाले. हे मॉड्युलर दिसत नाही अशी तक्रार नातीने केली. दारांचा रंग आणि हँडल नीट निवडले तर समोरून फरक कळत नाही.

वरची कपाटे 18 मिलिमीटरच्या आयएस 710 प्लायची, 13 इंच खोल, ओट्यापासून 24 इंच वर. शेगडी आणि चिमणीत 28 इंच. आरओ पाच फुटांवर. पाइप गॅसची लाइन हलवायची असेल तर ते गॅस कंपनीच्या माणसाकडूनच होते, सुताराकडून नाही, आणि ती लाइन बंद कपाटात झाकायची नाही.

वरचा मजला

वर पुराचा प्रश्न नाही, म्हणून इथे फार वेळ घालवला नाही. आयएस 303 चे बीडब्ल्यूआर (ओलाव्याला टिकणारे) प्लाय पुरेसे. खालची सगळी कपडे-कागदपत्रांची साठवण वर आली, देवघरही वरच्या पहिल्या खोलीत ईशान्येला. "खाली देव पाण्यात बसले होते, पुन्हा नको," असे आजींनी आधीच सांगितले होते. वॉशिंग मशीन बाल्कनीत, उतार आणि जाळी नीट करून. मात्र बाल्कनीचा स्लॅब बाहेर लोंबता असेल तर मशीन भिंतीलगत ठेवायची, टोकाला नाही.

प्लायचा हिशेब स्वतः करता यावा म्हणून एका कपाटाचा नमुना: 7 फूट उंच, 6 फूट रुंद, 2 फूट खोल. दोन बाजू 28 चौरस फूट, मधली उभी फळी 14, वर-खाली 24, सहा फळ्या 36, दारे 42. एकूण 144. एक शीट 8 बाय 4 म्हणजे 32 चौरस फूट. साडेचार शीट, कापणीतली नासाडी धरून 5. पाठीला 6 मिलिमीटरच्या 2 शीट. सुतार आठ सांगत असेल तर कापणीचा नकाशा मागायचा.

अंदाजपत्रके एका पातळीवर आणणे

7, 11 आणि 16 लाखांचे तीन कागद शेजारी ठेवून काही कळत नाही, कारण प्रत्येकाने वेगळी वस्तू मोजलेली असते. कोणी फर्निचर समोरच्या क्षेत्रफळावर लावतो, कोणी रनिंग फुटावर. कोणी माळा वेगळा धरतो, कोणी ड्रॉवरमागे जादा लावतो. डिसेंबरमध्ये घरच्यांनीच दहा पानांची यादी केली: खोलीनिहाय वस्तू, माप, प्लायचा आयएस क्रमांक आणि जाडी, आत-बाहेर लॅमिनेट, बिजागऱ्यांचा प्रकार, वायरचे माप, टाइलचे माप, मोजणी कशी होणार, जीएसटी धरून की वगळून. ही यादी तिघांना देऊन परत भाव मागवले. सात लाखांवाला साडेतेरावर आला, सोळावाला चौदावर. फरक दर्जाचा नव्हता, न लिहिलेल्या गोष्टींचा होता.

एकूण तरतूद 15 लाख ठरली. गवंडीकाम, गिलावा, फरशी 4.2, वायरिंग 2.1, प्लंबिंग आणि न्हाणीघर 1.8, स्वयंपाकघर 2.4, वरचे सुतारकाम 2.3, रंग 0.9, उरलेले 1.3 राखीव. आठ लाखांहून अधिक रक्कम भिंतीत, जमिनीत आणि पाइपांत जाणार हे घरच्यांना पटायला वेळ लागला. पण भिंतीत गेलेली वस्तू नंतर सुधारायची तर वरचे सगळे फोडावे लागते. सोफा पुढच्या वर्षीही घेता येतो. पैसे टप्प्यांवर बांधले: वायरिंगचा मेगर अहवाल, 48 तासांची पाण्याची चाचणी, फरशी, सुतारकामाची मोजणी, आणि 10 टक्के शेवटी, किरकोळ दुरुस्त्या संपल्यावर.

प्रत्यक्षात काय अडले

फरशी जुन्या मोझेकवरच बसवली. आधी प्रत्येक तुकडा ठोकून पोकळ आवाज देणारे काढले. 480 चौरस फुटांना 8 टक्के नासाडी धरून 518. दोन बाय चार फुटांच्या टाइलच्या एका बॉक्समध्ये साडेपंधरा चौरस फूट, म्हणजे 34 बॉक्स. मॅट फिनिश, आजींसाठी, आणि जोडांत इपॉक्सी ग्राउट. माल दोन खेपांत आला आणि दुसऱ्या खेपेचे 5 बॉक्स वेगळ्या लॉटचे, किंचित पिवळसर निघाले. टाइल मोरबीची असो की कुठलीही, एका लॉटचा रंग दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाही. ऑर्डरवर लॉट क्रमांक लिहिलेला नव्हता, म्हणून दुकानदाराने बदलून दिले नाहीत. ते पाचही आजींच्या खोलीत एकत्र लावले, त्यामुळे शेजारी शेजारी फरक दिसत नाही.

टाइल 10 आणि अ‍ॅढेसिव्ह 5 मिलिमीटर, म्हणजे खोल्यांची जमीन 15 मिलिमीटर वर आली. खोल्यांची दारे खालून घासावी लागणार हे ठरलेलेच होते. पण मुख्य दार सागवानी आणि खाली पितळी पट्टीचे, ते घासायचे नव्हते. तिथे दाराच्या फेऱ्यापुरती जुनी मोझेक फोडून टाइल खाली घ्यावी लागली. अर्धा दिवस आणि थोडे पैसे, पण हे नकाशावर दिसायला हवे होते.

चिमणीच्या 6 इंची पाइपचे भोक ठरवलेल्या जागी पाडायला गेल्यावर खिडकीवरच्या आरसीसी लिंटेलचे (वरची भिंत पेलणाऱ्या आडव्या पट्टीचे) टोक लागले. लिंटेल खिडकीच्या दोन्ही बाजूंना साधारण सहा इंच भिंतीत शिरलेला असतो. भोक आठ इंच सरकवले, चिमणी आणि शेगडीही सरकली. टाइल अजून लागल्या नव्हत्या म्हणून निभावले. नंतर पाडले असते तर चार टाइल गेल्या असत्या.

होळीला मजूर गेले ते दहा दिवसांच्या जागी सोळा दिवसांनी आले. त्याचा फारसा परिणाम झाला नाही, कारण 15 फेब्रुवारीला संपलेल्या गिलाव्याला रंगाआधी 28 दिवस द्यायचेच होते आणि त्या काळात वरचे सुतारकाम चालू ठेवता आले. राखीव 1.3 लाखांतले 95 हजार खर्च झाले: गळका पाइप, चिमणीचे भोक आणि मीटरच्या कामात वाढलेली केबल.

पाणी चढू लागले तर

घर ताब्यात घेताना फाइलमध्ये भिंतींचे फोटो, सर्किटचा नकाशा, टाइलचा लॉट क्रमांक, रंगाचे कोड यांबरोबर एक पान जिन्यापाशी लावायला केले. आजवा सरोवरातून नदीत पाणी सोडल्याची बातमी आली आणि विश्वामित्री 22 फुटांवर गेली की कामाला लागायचे, 26 ची वाट पाहायची नाही. आधी आजी आणि औषधे वर. मग आजींच्या पलंगाची गादी, हॉलच्या तीन खुर्च्या, ओट्याखालच्या जाळ्या. फ्रिज रिकामा करून दोन माणसांनी ओट्यावर आडवा न करता उभाच उचलायचा, आणि ते जमणार नसेल तर आधीच ठरवून ठेवलेल्या शेजाऱ्याला बोलवायचे. गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह बंद. शेवटी वर जाऊन खालच्या मजल्याचा आयसोलेटर पाडायचा, हात आणि पाय कोरडे असताना. एप्रिलमध्ये सगळ्यांनी मिळून हे एकदा करून पाहिले. फ्रिज सोडून बाकीचे पन्नास मिनिटांत वर गेले, आणि जिन्याच्या वळणावर मोठी खुर्ची अडकते हेही तेव्हाच कळले, म्हणून तिचे पाय स्क्रूने निघणारे करून घेतले.